पिंपावरचा ‘इन’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दांची जी चौकट आली, तिच्याबद्दल हे पत्र. लांबणार आहे. कात्री तुमच्या हातात आहेच, पण कापताना पिंपाची गोष्ट तेवढी ठेवा.

चौकटीत म्हटलं होतं की ‘इन’ हा लॅटिन उपसर्ग लागला की शब्दाचा अर्थ उलटा होतो. खाली उदाहरणं होती: इनकरेक्ट, इनव्हिजिबल, इनकम्प्लीट, इनडायरेक्ट, आणि शेवटी इनफेमस व इनव्हॅल्युएबल. शिवाय मुलांना गृहपाठ दिला होता की ‘इन’चे आणखी शब्द शोधा आणि अर्थ स्वतः लावा. माझी नात सातवीत आहे. तिने तो मन लावून केला. वही आत्ता माझ्यापुढे उघडी आहे. ‘इन्स्पेक्टर: न बघणारा.’ ‘इन्कम: जे येत नाही ते.’ ‘इन्फॉर्मेशन: ज्याला आकार नाही ते.’ इन्कमच्या अर्थाबद्दल निवृत्त माणूस म्हणून माझी काही तक्रार नाही, आणि इन्स्पेक्टरवर तर घरात बराच वेळ हसणं चाललं होतं. चौथ्या ओळीवर माझं हसू थांबलं. ‘इन्फ्लेमेबल: न पेटणारे.’

पोरीचं काहीही चुकलेलं नाही. तुम्ही दिलेला नियम तिने जसाच्या तसा लावला. पण हाच नियम याच शब्दाला लावलेला मी पूर्वी एकदा पाहिला आहे, आणि तेव्हा समोर वही नव्हती.

मी एका रंगाच्या कारखान्यात ३१ वर्षं स्टोअरकीपर होतो. रंग पातळ करायच्या थिनरची, टोल्युइनची २०० लिटरची पिंपं माझ्या ताब्यात असत. एका दुपारी जेवून परतलो तर आठ पिंपं जागेवर नाहीत. नवीन लागलेला मदतनीस, बारावी शास्त्र झालेला, चुणचुणीत मुलगा. नवा माल उतरवायला जागा हवी म्हणून त्याने ती हातगाडीवरून नेऊन शेडच्या मागच्या भिंतीला ओळीने लावली होती. ओळ अगदी सरळ होती, हेही सांगायला हवं. तिथून चार पावलांवर बाहेरून आलेल्या माणसांनी रेलिंगच्या वेल्डिंगचं काम काढलं होतं. वेल्डरच्या हातात होल्डर, आणि तो तोंडावर काच ओढून घेण्याच्या बेतात.

मी ओरडलो एवढं आठवतं. पळत जाऊन मशीनचा स्विच पाडला आणि मग त्या मुलाकडे वळलो. तो पांढराफटक पडला होता, पण शिवी खाऊन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मला हाताला धरून पिंपाजवळ नेलं आणि लाल लेबलावर बोट ठेवलं. लेबलावरचं ज्वालेचं चित्र रंगाच्या ओघळाखाली गेलेलं होतं, कारखाना शेवटी रंगाचाच. अक्षरं तेवढी स्वच्छ दिसत होती. ‘साहेब, वाचूनच ठेवलीत मी. हे बघा ना. इन. फ्लेमेबल. फ्लेम म्हणजे ज्वाला. इनकरेक्ट, इनव्हिजिबल, तसंच हे. न पेटणारं.’

त्या बोटाकडे बघून मला दुसरी शिवी सुचली नाही. टोल्युइन ४-५ अंश सेल्सिअसलासुद्धा पेट घेईल इतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते, वर जात नाही, जमिनीलगत सरपटते. चार पावलं म्हणजे तिला काहीच नाही. हे सगळं मला पाठ होतं, लेबलावरचा तो शब्द मी रोज वाचत होतो, आणि तो असाही वाचता येतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकूण एक पिंपावर ब्रशने ‘ज्वालाग्राही’ असं लिहून घेतलं. लिहिलं त्याच मुलाने, अक्षर वळणदार होतं. ज्वाला धरणारं ते ज्वालाग्राही. या शब्दात पाय घसरायला जागाच नाही.

तेव्हापासून मला शब्दकोशातल्या चौकटी कंसाचा नाद लागला. मोठ्या इंग्रजी कोशात अर्थाच्या शेजारी एक चौकटी कंस असतो, शब्द कुठून आला ते सांगणारा. बहुतेक जण त्यावरून उडी मारून अर्थाकडे जातात. मी आधी कंस वाचायला लागलो. तिथे कळलं की लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. दिसायला जुळे, आईबाप वेगळे. पहिला नकाराचा. संस्कृतातला अ किंवा अन्, ग्रीकमधलाही अ किंवा अन्, आणि इंग्रजीचा घरचा ‘अन’, म्हणजे अनहॅपीमधला, ही सगळी त्याची सख्खी भावंडं. दुसरा ‘इन’ म्हणजे आत, वर, कडे. इंग्रजीतला साधा ‘इन’ हा याचा भाऊ. इन्फ्लेमेबलमध्ये हा दुसरा बसला आहे. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ म्हणजे ज्वालेत घालणं, पेटवणं. जे पेटवता येतं ते इन्फ्लेमेबल. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्यातही हीच आग आहे, आणि मराठीत आपण त्याला दाहच म्हणतो.

माझ्या मदतनिसाची चूक त्याच्या एकट्याची नव्हती हे पुढे वाचनात आलं, तेव्हा जरा हायसं वाटलं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने हाच धोका ओळखून आग्रह धरला की ‘इन्फ्लेमेबल’ सोडा, ‘फ्लेमेबल’ लिहा. हा फ्लेमेबल १८१३ च्या सुमाराचा, तोवर शंभर वर्षं कोशाच्या कोपऱ्यात पडून होता. म्हणजे एका पिंपावर फ्लेमेबल आणि शेजारच्यावर इन्फ्लेमेबल लिहिलेलं असेल तर दोन्ही सारखीच पेटतील. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. त्याच काळात बेंजामिन ली व्होर्फ नावाचे गृहस्थ एका विमा कंपनीत आगी टाळण्याचं काम बघणारे अभियंता होते आणि फावल्या वेळात भाषाशास्त्री. त्यांनी नोंदवून ठेवलं आहे की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात, आणि ‘रिकामी’ म्हटलेल्या पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ भरलेली असते, म्हणून ते जास्त घातक. भाषेबद्दलचे व्होर्फ यांचे सिद्धांत न पटणारे पुष्कळ आहेत. तो वाद त्यांचा त्यांनी बघावा, स्टोअरकीपर मंडळींनी मात्र त्यांना सलाम करावा.

बरं, हा ‘इन’ धड ‘इन’ही राहत नाही. पुढे प, ब, म आला की इम होतो, ल आला की इल, र आला की इर. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. मुलांना हे कोष्टक करून पाठ करायला लावतात. सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लास मिळून उल्लास, हे शिकलेल्या पोराला त्यात नवीन काय आहे? रोमन माणसाची जीभही आपल्याइतकीच आळशी होती. ‘ग्न’च्या आधी तर न गळून नुसता इ उरतो, उदाहरणार्थ इग्नोर. हा शब्द मुलांसमोर उघडून दाखवा. इ म्हणजे नाही, ग्नो म्हणजे जाणणं, आणि हा ग्नो म्हणजे आपलाच ज्ञा. लॅटिन ‘इग्नोतुस’, ग्रीक ‘अग्नोस्तोस’ आणि आपला ‘अज्ञात’ शेजारी शेजारी ठेवले तर तुकड्याला तुकडा जुळतो. इंग्रजी अननोन त्याच कुळातला. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये अ‍ॅग्नॉस्टिक, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, हा शब्द घडवला तो त्या ग्रीक भावंडावरून. इंग्रजीत अडाणी, रांगड्या माणसाला अनकूथ म्हणतात, तोसुद्धा मुळात नुसता ‘अनोळखी’ होता. अनोळखी माणूस अडाणीच असणार, हे कुणी आणि कधी ठरवलं कोण जाणे.

इम्मॉर्टल सोलला की आतून अमृत निघतं. इम म्हणजे नाही, मॉर्ट म्हणजे मरण. ग्रीक देवांचं अ‍ॅम्ब्रोशिया तेही हेच, म आणि र यांच्या मध्ये एक ब घुसला आहे एवढंच. एनिमीत तर ‘इन’ आहे अशी शंकाही येत नाही. लॅटिन ‘इनिमिकुस’, म्हणजे इन अधिक अमिकुस, मित्र नसलेला. आता मित्र नसलेला म्हणजे कुणीही तिऱ्हाईत, हे तुमच्या नियमाचं उत्तर झालं. पण शब्दाने तिऱ्हाईत मानला नाही, शत्रू मानला. संस्कृतातला अमित्रही असाच थेट शत्रू.

म्हणून माझं म्हणणं असं की नकाराचा ‘इन’ असला तरी ‘अर्थ उलटा होतो’ हे वाक्य लंगडंच आहे. तुमच्या चौकटीतला शेवटचा शब्द बघा. इनव्हॅल्युएबलचा अर्थ छापलाय ‘मौल्यवान नसलेला’. अहो, आपल्याकडे अमूल्य आहे ना! मोल करता येणार नाही इतकं मोलाचं. ‘मान्यवरांचे अमूल्य मार्गदर्शन लाभले’ असं तुमच्याच पानांवर वरचेवर वाचतो, तेव्हा ते मार्गदर्शन कवडीमोलाचं होतं असं तुम्हाला म्हणायचं नसतं. निदान उघडपणे नसतं. संस्कृतातला अनुत्तम याहून मजेदार. ज्याच्याहून उत्तम दुसरं नाही ते अनुत्तम. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘अनुत्तमा गती’ आहे, ती काही सुमार गती नव्हे. आणि इनफेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. अप्रसिद्ध राहणं हा अजून तरी गुन्हा झालेला नाही.

इन्फंट म्हणजे तान्हं मूल, शब्दशः न बोलणारं. इटालियनमध्ये ‘इन्फान्ते’ म्हणजे पोरगा, मग पायी चालणारा शिपाई, त्यावरून इन्फन्ट्री. न बोलणाऱ्यांचं पथक, शिस्तीला बरंच. इनोसंट म्हणजे अपाय न करणारा, आणि इंटिजर म्हणजे हात न लागलेली, म्हणून अखंड, पूर्ण संख्या. इम्यूनची कुळकथा मला विशेष आवडते. ‘मुनुस’ म्हणजे सार्वजनिक कामाचा भार. रोममध्ये ज्याला हा भार, कर वगैरे माफ, तो ‘इम्युनिस’. रोगाच्या तडाख्यातून सुटलेल्याला हा शब्द लागला तो फार पुढे. त्याच मुनुसमधून म्युनिसिपल आला. म्हणजे इम्युनिटी असलेल्याने भार टाकायचा आणि म्युनिसिपालिटीने तो उचलायचा. शब्दाप्रमाणे तरी.

सगळ्यात जास्त दिवस मला इंडिव्हिज्युअलने अडकवून ठेवलं. ग्रीकांनी पदार्थाच्या शेवटच्या कणाला ‘अतोमोस’ म्हटलं, न कापता येणारा. रोमन वक्ता सिसेरो याने तो लॅटिनमध्ये नेताना ‘इंडिव्हिदुउम’ असा शब्द वापरला, न विभागता येणारा. माणसाला तो पुढे चिकटला. आता यात इन म्हणजे नाही, पुढचा ‘दि’ म्हणजे वेगवेगळं, आणि उरलेल्या ‘विद’चा अर्थ विलग करणं. हाच विद लॅटिन ‘विदुआ’त आहे, इंग्रजी विडोमध्ये आहे आणि आपल्या विधवेतही आहे. मी खुर्चीत ताठ झालो. शाळेत आम्ही काय शिकलो होतो? वि म्हणजे विना, धव म्हणजे पती. हा विग्रह लिहून मी गुण मिळवलेत. भाषाशास्त्री म्हणतात, घडलं ते उलट. विधवा हा मुळात अखंड शब्द, विलग झालेली, एकटी राहिलेली. त्यात ‘विना’चा वि नव्हताच. कुणाला तरी तो दिसला, त्याने तो सोडवून काढला, मागे उरलेल्या धवाला पती ठरवलं, आणि मग त्याच धवाला स लावून सधवाही तयार झाली. असुरांचं तेच. त्यातला अ नकाराचा समजून काढला, आणि जे उरलं ते सुर, म्हणजे देव. थोडक्यात, माझ्या मदतनिसाने पिंपाजवळ उभं राहून जे केलं तेच आपल्या पूर्वजांनी केलं होतं. त्यांच्या चुकीतून देव निघाले, याच्यातून काय निघालं असतं ते वर लिहिलंच आहे.

खुद्द रोमनांचाही या दोन ‘इन’मध्ये गोंधळ होत असे, आणि त्यावर ते हसत. साधारण २,२०० वर्षांपूर्वीच्या प्लॉटस या नाटककाराच्या एका प्रहसनात मेजवान्यांवर जगणारा एक फुकट्या येतो आणि आपण तिथे नेहमी ‘इनव्होकातुस’ असतो म्हणून कोटी करतो. न बोलावलेला आणि नाव घेऊन पुकारलेला, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात. इंग्रजी आणि फ्रेंच यांनी तर वाटणीच करून घेतली. इनहॅबिटेबल हा शब्द दोन्हीकडे त्याच अक्षरांनी लिहितात. इंग्रजीत त्याचा अर्थ राहण्याजोगं, फ्रेंचमध्ये राहण्याजोगं नसलेलं.

हे सगळं मी नातीला सांगितलं नाही. सांगायचा बेत होता, पण ती दुसऱ्याच मिनिटाला जांभई देते. तिला एवढंच विचारलं, ‘निवासी म्हणजे काय गं? वास नसलेला का?’

‘आजोबा, काहीतरीच!’

‘काहीतरीच का? निडर म्हणजे डर नसलेला, निनावी म्हणजे नाव नसलेला. मग निवासी?’

तिने पेन्सिल दातात धरली. ‘तो नि वेगळा असणार.’

कुणी न शिकवता सातवीतल्या मुलीला हे कळतं, कारण भाषा तिची आहे. निवास, निवेश यांतला नि आत नेतो, निडर, निनावी यांतला नि काढून घेतो, हे तिच्या कानाला ठाऊक आहे. मग तिनेच वही ओढून घेतली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. स्पेक्ट म्हणजे पाहणं हे तिला शाळेत सांगितलेलं होतंच, त्यामुळे इन्स्पेक्टर ‘आत डोकावून बघणारा’ झाला. इन्कमला मी लॅटिनच्या यादीतून बाहेर काढलं, तो इंग्रजीच्या घरचा ‘इन’. इन्सेक्ट तिला जमेना. अंगावर आत कापल्यासारख्या खाचा असलेला तो इन्सेक्ट म्हटल्यावर तिने मुंगीचं चित्र काढून तीन तुकडे मोजून दाखवले. इंजिनबद्दल तिने हटकून विचारलं, स्पेलिंग ‘आय’ने नव्हे, ‘ई’ने सुरू होत असलं तरी. तिथेही हाच ‘आत’चा इन आहे. लॅटिन ‘इंगेनियुम’ म्हणजे जन्मतःच अंगात असलेली बुद्धी, पुढे त्या बुद्धीने केलेली युक्ती, आणि शेवटी यंत्र. त्यातला गेन म्हणजे आपल्या जन्मातला जन्.

मग तिचा आवडता डाव सुरू झाला, मला अडवायचा. ‘इन्सुलिनमधला कुठला?’ कुठलाच नाही. लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके पाहिले, पुढे त्यांना बेटं म्हणू लागले, आणि १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ज्याचा अर्क काढला त्या स्रावाला बेटावरूनच नाव मिळालं. ‘इंक?’ ग्रीक. भाजून आत उमटवलेलं, त्यावरून रोमन सम्राटांची सहीची जांभळट लाल शाई, आणि तिथून ही तुझ्या बोटाला लागलेली. ‘इंडिया?’ सिंधू. इराणी जिभेने स चा ह केला, ग्रीकांनी तो ह गाळला. इथे मात्र तिने विश्वास ठेवला नाही, आईला विचारून आली.

आता मागणी. पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापा. ‘इन’ दोन असतात आणि कुठला कुठे हे शब्द बघून ठरतं, एवढं एक वाक्य पुरे. जागा कमी पडत असेल तर सिसेरो सोडा, अमूल्यही सोडा. इन्फ्लेमेबल मात्र अर्थासकट छापा, आणि शेजारी त्या लेबलाचं चित्र द्या. टोकावर उभा लाल चौकोन, वरच्या कोपऱ्यात ज्वाला, खालच्या कोपऱ्यात ३ हा आकडा. त्यावर रंगाचा ओघळ येऊ देऊ नका.

नातीने चौथी ओळ नव्याने लिहिली नाही. ‘न पेटणारे’मधला ‘न’ तेवढा लाल पेनाने खोडला आहे.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर